मर्क्युरियलच्या टेस्ट पायथन २.७ आणि ३.१२ दोन्हींवर: बाइट, अक्षरं आणि 'दुसऱ्या'तला ऱ

तिसरी_पाळी

नमस्कार मंडळी. धागा लांबणार आहे, पण सगळं सविस्तर लिहिल्याशिवाय प्रश्न कळणार नाही.

गोरेगावच्या एका व्हीएफएक्स स्टुडिओत मी पाइपलाइनचं काम बघते. आमच्याकडे बारा वर्षांचं काम मर्क्युरियलमध्ये (फायलींच्या आवृत्त्या सांभाळणारं व्हर्जन कंट्रोलचं टूल) आहे. शॉटच्या फायली, मालिकांच्या पडद्यावरच्या पाट्या, श्रेयनामावल्या, सगळंच. त्यावर आमच्या आधीच्या लोकांनी लिहिलेलं एक एक्स्टेन्शन (जोडप्रोग्रॅम) चालतं. आर्टिस्टने कमिट केलं, म्हणजे आपला बदल मर्क्युरियलमध्ये नोंदवला, की ते एक्स्टेन्शन नोंदवहीत एक ओळ टाकतं: कोणती फाइल, केवढी, कोणाची, किती वाजता. रात्री दुसरी स्क्रिप्ट ती नोंदवही वाचते आणि चॅनेलला पाठवायच्या फोल्डरमध्ये फायली नेऊन ठेवते.

सर्व्हर सेंटओएस ७ या लिनक्सवर होता. त्याची मुदत ३० जून २०२४ ला संपली, म्हणून उबुंटू २४.०४ घेतलं. एक्स्टेन्शन पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत आहे; तिकडे पायथन २.७ होता, इकडे ३.१२ आला. पण आर्टिस्टांची निम्मी मशीनं अजून जुनी आहेत, आणि मालिका सुरू असेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही असं ठरलंय. म्हणजे निदान सहा महिने तरी एक्स्टेन्शन दोन्हीकडे चाललं पाहिजे. जुन्या मशीनवर मर्क्युरियल ६.१ (पायथन २ चालणारी ती शेवटची मालिका, ६.२ पासून ते बंद झालं) आणि सर्व्हरवर नवं. आमच्या २१४ टेस्टसुद्धा दोन्हीकडे चालायला हव्यात.

ज्यांनी मर्क्युरियलच्या टेस्ट पाहिल्या नाहीत त्यांच्यासाठी: त्या साध्या मजकुराच्या, डॉट-टी शेवट असलेल्या फायली असतात. दोन स्पेस सोडून डॉलरचं चिन्ह आणि पुढे कमांड. तिच्याखाली पुन्हा दोन स्पेस सोडून, पडद्यावर जे यायला हवं ते जसंच्या तसं. एका अक्षराचा फरक पडला तरी टेस्ट लाल, म्हणजे नापास. एखादा भाग दर वेळी बदलत असेल तर तिथे तारा टाकायचा आणि ओळीच्या शेवटी कंसात 'ग्लोब' लिहायचं, मग त्या जागी काहीही आलं तरी चालतं.

३.१२ वर पहिल्यांदा चालवल्या तेव्हा २१४ पैकी १९१ लाल. रात्री साडेअकरा वाजता तो आकडा बघून पोटात गोळा आला. पण त्यातल्या बहुतेक एकाच कारणाने पडल्या होत्या. सगळ्या टेस्ट ज्या छोट्या मदतनीस स्क्रिप्टवर उभ्या आहेत तिच्यात प्रिंट कंसाशिवाय होतं, आणि ऑक्टल (आठच्या पायाचे) आकडे जुन्या पद्धतीने, नुसतं शून्य लावून लिहिलेले होते. पायथन ३ ला हे दोन्ही चालत नाही. ते दुरुस्त केल्यावर उरल्या ६८.

चूक झाली ती इथून पुढे. उरलेल्यांपैकी बऱ्याच टेस्टमध्ये फरक एकसारखा दिसत होता. जुन्या आउटपुटमध्ये नुसतं नाव, नव्यात त्याच नावाआधी बी अक्षर आणि अवतरणचिन्ह. पहिल्या चार-पाच ठिकाणी तो एररच्या संदेशात होता, म्हणजे निरुपद्रवी. मी धरून चालले की सगळीकडे तसंच असणार. एका सरसकट शोध-बदलीने त्या ओळींत तारा आणि ग्लोब टाकले. टेस्ट हिरव्या झाल्या आणि आम्ही बुधवारी सर्व्हर बदलला.

शुक्रवारी सकाळी चॅनेलकडून फोन आला की अकरा पाट्या आलेल्याच नाहीत. नोंदवही उघडली. इंग्रजी नावांच्या फायलींपुढे बी आणि अवतरणचिन्ह. मराठी नावांच्या फायलींची तर अक्षरंच गायब, त्याजागी उलट्या तिरक्या रेघा आणि कोडची लांबलचक रांग. रात्रीच्या स्क्रिप्टने त्या नावांच्या फायली शोधल्या, मिळाल्या नाहीत, आणि ती गुपचूप पुढे गेली. पाट्या करणाऱ्या मुलीने रात्री दोनपर्यंत बसून काम संपवलं होतं, कमिटही वेळेत केलं होतं. तिची काहीच चूक नसताना सकाळी सगळे तिलाच विचारत होते. ते मला फार लागलं.

टेस्टने ही चूक पकडली होती, मीच तिच्या तोंडावर हात ठेवला. आता सगळे ग्लोब काढलेत, पुन्हा ६८ लाल आहेत. दोन आवृत्त्यांवर एकच टेस्ट चालवताना कुठला फरक चालवून घ्यायचा आणि कुठला नाही, हे तुम्ही कसं ठरवता?

अनुस्वार

ताई, बी कुठून येतो ते आधी सांगतो, म्हणजे ६८ ची भीती कमी होईल.

'मुंबई' घ्या. आपल्याला तीन अक्षरं दिसतात. युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांतल्या चिन्हांची प्रमाण यादी) हिशेबाने ती पाच चिन्हं आहेत: म, उकार, अनुस्वार, ब, ई. यूटीएफ-८ मध्ये (ती चिन्हं बाइटांत लिहायची एक पद्धत, म्हणजे एन्कोडिंग) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे डिस्कवर पंधरा. पायथन २ ला साध्या अवतरणातल्या 'मुंबई'ची लांबी विचारली की तो पंधरा म्हणतो. पायथन ३ पाच म्हणतो. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, पहिला बाइट मोजतोय, दुसरा चिन्हं.

पायथन २ मध्ये बाइट आणि मजकूर एकाच पेल्यात होते. ३ डिसेंबर २००८ ला पायथन ३.० आला आणि ते वेगळे झाले. आता बाइट हातात असताना तुम्ही त्यांना 'मजकूर हो' एवढंच म्हणालात, कुठल्या एन्कोडिंगने ते सांगितलं नाहीत, तर पायथन ३ भांडत नाही. तो त्या बाइटचं वर्णन लिहून देतो: बी, अवतरण, आत कोड. तुमच्या नोंदवहीत नाव गेलंच नाही, नावाचं वर्णन गेलं. एरर नाही, काही नाही, म्हणूनच ते घातक.

दुसरी तशीच जागा: पायथन २ मध्ये 'म'च्या बाइटमधला पहिला मागितला तर एक बाइट लांबीची स्ट्रिंग मिळायची. पायथन ३ मध्ये २२४ हा आकडा मिळतो. पहिला बाइट तिरकी रेघ आहे का, असं कुठे तपासत असाल तर ते उत्तर आता कायम 'नाही' येईल, आणि तेही न बोलता.

वसई_लोकल

मूळ प्रश्नाला धरून नाही, पण विचारतो. २०२५-२६ च्या काळात मर्क्युरियल का? मोझिलानेसुद्धा नोव्हेंबर २०२३ मध्ये फायरफॉक्स गिटवर (मर्क्युरियलसारखंच दुसरं टूल) नेणार असं जाहीर केलं. एकदाच गिटवर जा, सुटलात.

तिसरी_पाळी

@वसई_लोकल, विचार केला होता, दादा. पण अडलंय ते आमच्या एक्स्टेन्शनमध्ये. गिटवर गेलो तरी नोंदवही लिहिणारा पायथन तोच, फायलींची नावं मराठीच आणि बाइट-मजकुराचा प्रश्न तोच. वर बारा वर्षांचा इतिहास आणि मोठ्या फायली हलवायच्या, त्या मालिका सुरू असताना नाहीच.

@अनुस्वार, 'नाव गेलंच नाही, नावाचं वर्णन गेलं' हे वाक्य मी टीममध्ये सगळ्यांना वाचून दाखवलं. आभार.

जुना_सर्व्हर

उशिरा लिहितोय, पण हा विषय जवळचा आहे. मी एका बँकेसाठी काम करतो, नाव सांगत नाही. तिथे आम्ही याच वाटेने गेलोय.

आधी मर्क्युरियलवाल्यांनी स्वतः काय केलं ते बघा, कारण हा प्रकल्प या दुखण्यातून सगळ्यात जास्त गेलाय. २००५ मध्ये सुरू झालेलं टूल, पायथन २ वर. फाइलचं नाव आणि फाइलचा मजकूर म्हणजे बाइट, आपण त्यांना हात लावायचा नाही, हा त्यांचा पहिल्यापासूनचा नियम. व्हर्जन कंट्रोलला तो योग्यच आहे, वापरणाऱ्याने जे ठेवलं तेच परत द्यायचं. पायथन ३ मात्र साध्या अवतरणाला मजकूर समजतो. त्यामुळे हजारो ओळींत प्रत्येक अवतरणाआधी बी लावणं भाग होतं. सुरुवातीला त्यांनी मॉड्यूल (पायथन कोडची फाइल) इम्पोर्ट होतानाच कोड बदलून बी लावणारी युक्ती केली, मग २०१९ मध्ये सगळ्या मूळ कोडमध्येच ते लिहून टाकले. बाइटमध्ये टक्क्याचं चिन्ह वापरून मजकूर भरायची सोय पायथन ३.० ते ३.४ मध्ये नव्हतीच, ती ३.५ ला परत आली. म्हणून त्याच्या आधीच्या ३ च्या आवृत्त्यांकडे त्यांनी बघितलंच नाही. पायथन ३ ला पक्का आधार आला तो नोव्हेंबर २०१९ च्या ५.२ मध्ये, आणि पायथन २ ची मुदत होती १ जानेवारी २०२०. अकरा वर्षं हाताशी असून शेवटच्या दोन महिन्यांत!

यात टेस्टपुरतं शिकण्यासारखं एक आहे. पायथन ३ वर पास होणाऱ्या टेस्टची त्यांनी रेपोमध्येच (कोडच्या साठ्यातच) एक यादी ठेवली होती. टेस्ट एकदा यादीत गेली की तिने पुन्हा पडता कामा नये, पडली तर तो बदल आत येणार नाही. बाकीच्या लाल असल्या तरी चालतील. तुम्ही ६८ एकदम हिरव्या करायला गेलात म्हणून ग्लोबचा मोह झाला. रोज तीन करा आणि यादीत टाका. चौथीकडे बघूच नका.

आता तुमचा प्रश्न, कुठला फरक चालवून घ्यायचा. आम्ही डिफमधल्या (अपेक्षित आणि आलेल्या आउटपुटमधल्या फरकातल्या) प्रत्येक ओळीला एकच गोष्ट विचारायचो: ही ओळ कोणाच्या तोंडची आहे? पायथनच्या तोंडची असेल तर ती बदलणारच. ट्रेसबॅकच्या (एरर कुठून आली ते दाखवणाऱ्या यादीच्या) शेवटी पायथन २ एररचं नुसतं नाव छापतो, पायथन ३ मॉड्यूलच्या नावासकट. मॉड्यूल सापडलं नाही तर ३.६ पासून त्याची वेगळी एरर येते. आर्गपार्सच्या (कमांडचे पर्याय वाचणारं पायथनचं मॉड्यूल) मदतीत पूर्वी 'ऑप्शनल आर्ग्युमेंट्स' असं शीर्षक यायचं, ३.१० पासून नुसतं 'ऑप्शन्स'. या आपल्या गोष्टीच नाहीत, त्या टेस्टमध्ये असायचंच कारण नाही. शक्य असेल तर आउटपुटमधून गाळा. नसेल तर दोन्ही ओळी लिहा, एका ओळीच्या शेवटी कंसात 'पीवाय३' आणि उद्गारचिन्ह, दुसरीच्या शेवटी 'नो-पीवाय३' आणि उद्गारचिन्ह. मर्क्युरियलचा टेस्ट-रनर (टेस्ट चालवणारा प्रोग्रॅम) ज्या त्या आवृत्तीला ती ती ओळ धरतो. ग्लोब म्हणजे 'काहीही चालेल'. या दोन ओळी म्हणजे 'हे किंवा हे, तिसरं चालणार नाही'. फरक मोठा आहे.

पण ओळ आपल्या टूलच्या तोंडची असेल, आणि नोंदवहीतली ओळ तर शंभर टक्के आपली, तर तिथे दोन्ही आवृत्त्यांवर बाइटन् बाइट सारखं आलंच पाहिजे. तिथे पीवाय३ ची वेगळी ओळसुद्धा लिहायची नाही. तिथला फरक म्हणजे बग.

एक सावधगिरी. रनरला आय पर्याय दिला की तो प्रत्येक फरक दाखवतो आणि 'स्वीकारू का' विचारतो. वाय दाबलं की नवं आउटपुट टेस्टमध्ये लिहून टाकतो. रात्री थकलेल्या माणसाने तो पर्याय वापरू नये. आमच्याकडे तो दोघांनी शेजारी बसूनच वापरायचा असं ठरलं होतं.

कळफलक

जुना_सर्व्हर यांच्याशी सहमत. पण हिरव्या टेस्टवरही विश्वास ठेवू नका, असं मला सांगायचंय. माझा अनुभव.

आमच्याकडे कमिटच्या वेळा दाखवणारी एक छोटी स्क्रिप्ट होती. मर्क्युरियल प्रत्येक कमिटबरोबर टाइमझोनचा फरक सेकंदांत ठेवतो. पश्चिमेकडचा फरक अधिक, त्यामुळे आपली वेळ उणे १९८००. स्क्रिप्ट ते चिन्ह काढून १९८०० चे तास करायची, मग उरलेल्याची मिनिटं करायची, आणि पुढे एका ठिकाणी पुन्हा दोन्ही मिळवून सेकंद करायची.

पायथन २ मध्ये १९८०० भागिले ३६०० म्हणजे ५, कारण पूर्णांकाला पूर्णांकाने भागलं की उत्तर पूर्णांकच. बाकी १८००, त्याची ३० मिनिटं. परत मिळवले की १९८००. पायथन ३ मध्ये तोच भागाकार ५.५ देतो. पण बाकी तीच, १८००, मिनिटं पुन्हा ३०. मिळवले की २१६००. अर्धा तास दोनदा मोजला गेला, आणि मुंबईतलं प्रत्येक कमिट अर्धा तास सरकलं.

टेस्ट का नाही पडली? मर्क्युरियलचा रनर टाइमझोन मुद्दाम जीएमटी ठेवतो, म्हणजे कुठल्याही मशीनवर आउटपुट सारखं यावं. चांगलाच विचार आहे. पण जीएमटीत फरक शून्य, आणि शून्याला कितीनेही भागा, शून्यच. लंडन, न्यूयॉर्क, टोकियो यांचा फरक पूर्ण तासांचा, तिथेही हे कधी दिसलं नसतं. साडेपाच तासवाल्यांनाच दिसणार.

म्हणून ज्या टेस्टमध्ये वेळ येते तिथे कमिट करताना तारखेसोबत उणे १९८०० हाताने द्या. आणि भागाकाराला दोन तिरक्या रेघा वापरा, त्या दोन्ही आवृत्त्यांत सारखं उत्तर देतात.

वसई_लोकल

अर्धा तास दोनदा! हे वाचून आमचा रिपोर्ट उघडला आणि आमच्याकडेही तसाच एक भागाकार सापडला. उद्या सकाळी पहिलं काम. मघाचं गिटचं बोलणं मागे घेतो, प्रश्न वेगळा होता.

तिसरी_पाळी

दहा दिवसांनी लिहितेय. ६८ च्या ९ राहिल्यात. रोज तीन असं ठरवलं होतं, प्रत्यक्षात कधी एक, कधी बारा.

'कोणाच्या तोंडची ओळ' हा प्रश्न भिंतीवर चिकटवलाय. ६८ पैकी ३१ पायथनच्या तोंडच्या निघाल्या. २२ टेस्ट जुन्या भाषेत लिहिलेल्या, त्यांच्यात एक्स्टेन्शनचा काही संबंध नव्हता. खऱ्या चुका सापडल्या सहा, त्यातली एक पायथन २ मध्येही होती. डिक्शनरीतून (पायथनमधली जोड्या साठवायची रचना) फायली ज्या क्रमाने येतील त्याच क्रमाने नोंदवहीत लिहिल्या जात होत्या. पायथन २.७ मध्ये तो क्रम योगायोगाने दर वेळी सारखा यायचा म्हणून टेस्ट पास. ३.७ पासून तो घातल्याच्या क्रमाने येतो. आता लिहिण्याआधी सॉर्ट करतो, दोन्हीकडे एकच.

पण एक टेस्ट सुटत नाहीये आणि ती दोन्ही आवृत्त्यांवर पडते. त्या अकरा फायलींपैकी एका पाटीचं नाव 'दुसऱ्या भागाची पाटी'. नोंदवहीत नाव आता नीट मराठीत येतं, डोळ्यांना बरोबर दिसतं. तरी आमच्या कामाच्या यादीतल्या नावाशी ते जुळत नाही. 'पहिल्या भागाची पाटी' जुळते. मी दोन्ही शेजारी ठेवून अर्धा तास बघत बसले होते.

अनुस्वार

पाटी करणाऱ्या ताई जुन्या मॅकवर काम करतात का?

तिसरी_पाळी

हो! कसं ओळखलंत?

अनुस्वार

'दुसऱ्या'तल्या ऱ वरून. हे अक्षर आपल्या मराठीला लागतंच, आणि युनिकोडमध्ये ते दोन प्रकारे लिहिता येतं. एक, अख्खं ऱ हे एकच चिन्ह: बाइट २२४, १६४, १७७. दुसरं, साधा र आणि त्याखाली नुक्ता (टिंब) अशी दोन चिन्हं: २२४, १६४, १७६ आणि २२४, १६४, १८८. युनिकोडच्या नियमाने दोन्ही समान, पडद्यावर एकसारखी. मॅकची जुनी एचएफएस प्लस फाइल सिस्टीम फाइलच्या नावातली अशी अक्षरं फोडून ठेवते. तुमची कामाची यादी कोणीतरी हाताने टाइप केलेली, तिथे अख्खं ऱ. 'दुसऱ्या' एकीकडे २१ बाइट, दुसरीकडे २४. 'पहिल्या'त ऱ नाही, म्हणून ते जुळतं.

यात पायथनचा दोष नाही आणि मर्क्युरियलचाही नाही, त्याने दिलेले बाइट प्रामाणिकपणे सांभाळले. इलाज तुलनेच्या जागीच करायचा. दोन्ही नावं यूटीएफ-८ मधून मजकूर करा, युनिकोडडेटा मॉड्यूलमधल्या नॉर्मलाइझने एनएफसी रूपात (फोडलेला ऱ पुन्हा अख्खा होतो ते रूप) आणा आणि मग जुळवा. ते मॉड्यूल २.७ आणि ३.१२ दोन्हीत आहे. पण फाइलचं मूळ नाव बदलू नका, नोंदवहीत मूळ बाइटच जाऊ द्या, नाहीतर रात्रीच्या स्क्रिप्टला लिनक्सवर ती फाइल सापडणार नाही.

जुना_सर्व्हर

आणि त्याची टेस्ट लिहा. दोन्ही रूपांत नाव असलेल्या दोन फायली, आउटपुट ओळीच्या शेवटी कंसात 'ईएससी' लावून, अक्षरांऐवजी बाइटच्या कोडमध्ये. डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी टेस्टमध्ये तशाच ठेवल्या तर पुढच्या माणसाला काहीच कळणार नाही. ही टेस्ट फक्त लिनक्सवर चालवा, जुन्या मॅकवर या दोन फायली एका फोल्डरमध्ये राहूच शकत नाहीत.

तिसरी_पाळी

जुळलं. रात्री ८:१० ला टेस्ट हिरवी झाली आणि मी खुर्चीतून उठून पाट्यावाल्या मुलीला बोलावून दाखवलं. तिने विचारलं, 'म्हणजे ऱ लिहायला हरकत नाही ना?' बिचारी मधले दहा दिवस 'भाग दोन' असं लिहीत होती.

आजची स्थिती: २१४ च्या २२१ टेस्ट झाल्या. नव्या सातपैकी तीन उणे १९८०० च्या, दोन ऱ च्या. एक, नोंदवहीत बी आणि अवतरण दिसलं की लगेच पडणारी. आणि एक रात्रीच्या स्क्रिप्टची: फाइल सापडली नाही तर तिने थांबून ओरडलंच पाहिजे. २.७ आणि ३.१२ दोन्हीवर सगळ्या हिरव्या. ग्लोब सात ठिकाणी उरलेत, प्रत्येकावर कारणाची एक ओळ आहे. ३.१३ वर सहज चालवून पाहिलं तर मदतीच्या मजकुराच्या चार पडल्या. ३.१३ डॉकस्ट्रिंगमधलं (कोडमध्येच लिहिलेल्या वर्णनातलं) डावीकडचं रिकामं अंतर आपणच कापून टाकतो, ते कारण असावं असं दिसतंय. पुढच्या आठवड्यात बघते.

ऱ आणि उणे १९८०० च्या टेस्टच्या फायली ज्यांना हव्यात त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी पाठवते. @वसई_लोकल, तुमचा भागाकार दुरुस्त झाला का?

वसई_लोकल

झाला. तीन ठिकाणी होता.